चर्चच्या जुन्या वह्या आणि पाटीवरचं साल : वर्षभराच्या कामाच्या नोंदी

आमची मंडळी (म्हणजे चर्चच्या सभासदांचा समुदाय) नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावची, जुन्या अमेरिकन मराठी मिशनची, म्हणजे अमेरिकन मिशनऱ्यांच्या संस्थेची. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. कारण पुढे ऑगस्टच्या नोंदीत येईल. आसपासच्या गावांतल्या मंडळ्यांकडेही अशाच वह्या ट्रंकेत कुजत पडल्या आहेत. त्यातलं कुणी हे काम हाती घेणार असेल तर निदान माझ्या चुका तरी परत करू नयेत, म्हणून या नोंदी जशाच्या तशा देते आहे.

१२ जानेवारी २०२५, रविवार

उपासनेनंतर पंचसभा, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचांची बैठक. दाराशेजारच्या पाटीवर ‘स्थापना १८७५’ लिहिलंय, म्हणजे यंदा दीडशे वर्षं. कापणीच्या सणाला मोठा कार्यक्रम करायचा, स्मरणिका काढायची असं ठरलं. मजकूर कोण लिहिणार? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. “बाई, तुम्ही आता रिटायरच आहात.” हे वाक्य कानावर पडलं की काम गळ्यात पडलं असं समजायचं.

माझा अंदाज : तीन महिने, दोन-तीन हजार रुपये. दोन्ही अंदाज किती चुकले ते शेवटी सांगते.

१८ जानेवारी, शनिवार

पाळकसाहेबांनी (चर्चच्या धर्मगुरूंनी) पत्र्याची ट्रंक काढून दिली. किल्ली हरवलेली, कोयंडा तोडावा लागला. आत पंधरा वह्या : बाप्तिस्म्याच्या चार, लग्नाच्या दोन, दफनाच्या दोन, सभासदांची एक यादी, पंचसभेच्या वृत्तांताच्या पाच आणि मोडीत लिहिलेली हिशेबाची एक चोपडी. वर डांबराच्या गोळ्यांचा वास, खाली कसर. दोन वह्या एकमेकींना चिकटलेल्या. सभासद यादीची पहिली दोन पानं कुणीतरी कधीतरी लॅमिनेट करून टाकली आहेत. हेतू चांगला असणार, पण आत बुडबुडे आलेत आणि कागद पिवळा पडत चाललाय. ते प्लॅस्टिक आता निघत नाही.

वह्यांना ओल लागलेली, म्हणून मी त्या अंगणात चादरीवर उन्हात घातल्या. पापड घालतात तशा. दुपारी तीनला उचलायला गेले तर कागद कुरकुरीत, कडा हाताला लागताच तुटायला लागल्या. जुनी शाई लोहाची. ती आधीच कागदाला आतून खात असते, त्यात ऊन. संध्याकाळी अंगण झाडलं तेव्हा केरसुणीखाली कागदाचे बारीक तुकडे आले. मी ते केरात टाकले.

हे वाक्य दोनदा वाचा. तुकडे केरात टाकू नका. पाकिटात घाला, वर वहीचं नाव आणि तारीख टाका. मला हे जुलैत कळलं.

वही ओली असेल तर सावलीत, पंख्याखाली, मध्येमध्ये कोरा कागद घालून वाळवा. चार दिवस लागतात, लागू द्या.

२ फेब्रुवारी, रविवार

फोटो काढायला सुरुवात. स्कॅनर वापरायचा नाही हे भाच्याने सांगितलं (तो पुण्यात इंजिनिअरिंगला आहे, शनिवार-रविवार येतो). स्कॅनरवर वही उलटी दाबावी लागते आणि शिवण उसवते. म्हणून फोन वरून टांगायचा स्टँड, नऊशे रुपये. दोन बाजूंनी दोन एलईडी दिवे, चौदाशे. पान सपाट राहायला जाड काच, साडेतीनशे. काचेच्या कडा घासून घ्यायला विसरलो. माझ्या अंगठ्याला चीर गेली आणि १९११ सालच्या एका लग्नाच्या नोंदीवर रक्ताचा थेंब पडला. वधूवरांनी क्षमा करावी.

फ्लॅश वापरू नका, शाई चकाकते. आज दोन तासांत चाळीस पानं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

तीनशे बारा फोटो गेले. फोन भरला म्हणून मी ते व्हॉट्सअॅपवर स्वतःलाच पाठवले आणि मूळचे पुसले. व्हॉट्सअॅपने ते बारीक करून टाकले. मोठे केले की अक्षरांच्या मुंग्या होतात. भाचा काही बोलला नाही, नुसता माझ्याकडे बघत राहिला. दोन शनिवार वाया.

नवी हार्ड डिस्क, चार हजार आठशे. आता नियम असा : फोटो आधी डिस्कवर, मग दुसऱ्या एका संगणकावर, मग मोजणी, आणि मगच फोनमधून पुसायचे. फाइलचं नाव ‘बाप्ति२_पान०४७’ असं. आधी मी तारखेवरून नावं देत होते, त्यामुळे दोन वह्यांची पानं एकमेकांत मिसळली होती.

१ मार्च, शनिवार

आज खरी गंमत. सभासद यादीतल्या लॅमिनेट केलेल्या पानांवर दिवा तिरका धरून वाचायचा प्रयत्न केला. पहिल्या नावापुढची तारीख पाटीवरच्या सालाच्या सोळा वर्षं आधीची! तीनदा वाचली. भाच्याला वाचायला दिली. तेच.

मग १८७५ आलं कुठून?

पंचसभेच्या १९७५ च्या वृत्तांतात उत्तर सापडलं. शताब्दी करायची म्हणून त्या वेळच्या मंडळींनी जागेची जुनी पावती शोधली होती. पावतीवर ‘सन १२८५ फसली’. आपल्याकडच्या जुन्या महसुली कागदांत फसली सन असतो. त्यात ५९० मिळवले की इसवी सन येतो, आणि वर्ष जूनमध्ये सुरू होतं, म्हणून कधी ५९० तर कधी ५९१. शके असेल तर ७८ मिळवायचे. त्यांनी हिशेब बरोबर केला होता, १८७५. फक्त ती पावती जमिनीची होती. मंडळी त्याआधीपासून होती. कुणाच्या तरी पडवीत, शाळेच्या खोलीत, झाडाखाली.

नगरला मिशनचं काम १८३१ मध्ये सुरू झालं आणि तिथली पहिली मंडळी १८३३ ची. मग खेड्यापाड्यांत शाळा, शाळेचा मास्तर तोच उपदेशक. १८५४ मध्ये नगरला हरिपंत खिस्ते आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली, म्हणजे मिशनरी साहेबाच्या हाताखालून मंडळ्या आपल्या माणसांच्या हाती यायला तेव्हापासून सुरुवात. १८५७ मध्ये मिशनरी सॅम्युएल फेअरबँक नगर जिल्ह्यातल्याच वडाळ्याला राहायला गेले. (हे साहेब पक्षी आणि गोगलगायी गोळा करायचे, दक्षिणेतल्या डोंगरातल्या एका पक्ष्याच्या शास्त्रीय नावात त्यांचं नाव आहे. आमच्या विषयाशी संबंध नाही, पण मला आवडलं म्हणून लिहिलं.) या सगळ्या धावपळीच्या काळात आमच्या यादीतलं पहिलं नाव पडतं. बसतं अगदी नीट.

९ मार्च, रविवार

घाई केली. पंचसभेत उभं राहून सांगून टाकलं की पाटी चुकीची आहे. मंडळीतले एक वडील (ज्येष्ठ पंच) चिडले : “बाई, माझ्या वडलांनी ती पाटी लावलीय. आता दीडशेच्या वर्गणीच्या पावत्या छापून झाल्यात.” खरंच झाल्या होत्या, पाचशे पावत्या. खजिनदारकाका म्हणाले की दोन पानांवर, तेही प्लॅस्टिकमधल्या, एवढा भरवसा कसा ठेवायचा? रागाने म्हणाले, पण मुद्दा बरोबर होता. माझ्याकडे दुसरा पुरावा नव्हता.

इतरांसाठी : साल बदलायचं तर निदान दोन वेगळ्या जागी तेच साल दिसेपर्यंत तोंड उघडू नका.

२९ मार्च, शनिवार

मोडीची चोपडी. मला मोडी येत नाही. आठवडाभर घरी पुस्तक घेऊन बसले. आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि तिला अक्षरं लोंबकळत ठेवायची, शब्दांमध्ये जागा सोडायची नाही, हात न उचलता लिहीत जायचं. लिहिणाऱ्याची सोय, वाचणाऱ्याचे हाल. शेवटी नगरच्या एका जाणत्या गुरुजींकडे गेले. पानाला शंभर रुपये, शेहेचाळीस पानं.

जायच्या आधी मी माझ्या अकलेने काही नावं ‘वाचून’ ठेवली होती. गुरुजींनी त्यातली निम्मी खोडली. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ वेगळं नसतं, आणि घाईच्या हातात काही अक्षरं जुळ्या भावांसारखी दिसतात. ओळखीचं नाव दिसलं की डोळा तेच वाचतो. मला जिथे तिथे आमच्याच घराण्यातली माणसं दिसत होती.

१७ एप्रिल, गुरुवार

ईस्टरच्या पहाटेची उपासना कबरस्थानात असते, त्यामुळे आधीच्या आठवड्यात तिथे साफसफाई आणि चुना मारणं चालतं. मी तरुण संघाच्या मुलांना म्हटलं, जुन्या कबरींवरची अक्षरं वाचायची आहेत, दगड स्वच्छ करून ठेवा. कसे ते सांगितलं नाही.

त्यांनी संडास साफ करायचं अॅसिड आणलं. काळ्या दगडाच्या कबरींना फारसं काही झालं नाही. एक संगमरवरी पाटी होती, बहुधा कुणा मिशनरीच्या लेकराची. तिच्यावर अॅसिड पडताच फेस आला आणि वरची अक्षरं गुळगुळीत झाली. मुलं घाबरून माझ्याकडे पळत आली. त्यांना काय बोलणार, सांगताना मीच अर्धवट सांगितलं होतं. जुन्या फोटोत त्या पाटीचं नाव अर्धं दिसतं, तेवढंच आता शिल्लक.

करायचं ते असं : साधं पाणी, मऊ ब्रश, चुन्याचे थर बांबूच्या चिपेने हळूहळू. मग रात्री जायचं आणि टॉर्च दगडाच्या कडेला आडवी धरायची. दिवसा जे सपाट दिसतं त्यावर रात्री सावल्या पडतात आणि अक्षरं वर येतात. एका रात्रीत नऊ कबरी वाचल्या. कबरस्थानाच्या राखणदाराने मात्र दुसऱ्या दिवशी गावात सांगितलं की बाईंना काहीतरी झालंय.

११ मे, रविवार

मंडळीतल्या एका आज्जींची मुलाखत. वय शहाऐंशी. सलाम झाला, चहा झाला, मी फोन टेबलावर ठेवला. दोन तास बोलल्या. घरी येऊन ऐकलं तर पंखा, कुकरच्या शिट्या आणि मध्येमध्ये आज्जी. शंभर रुपयांचा कॉलरला लावायचा माइक मागवला, परत गेले. दुसऱ्या खेपेला त्या म्हणाल्या, “मागं सांगितलं ना सगळं?” पहिल्या वेळचा उमाळा काही परत आला नाही.

तरी जे मिळालं ते मोलाचं. त्यांच्या लहानपणी रविवारचं अर्पण म्हणजे पैशापेक्षा ज्वारी, बाजरी, अंडी. कापणीच्या सणाला कोंबडीचा लिलाव आणि एकाच भोपळ्यावर दोन भावकींची चढाओढ. बायबलबाई, म्हणजे बायबल सांगत फिरणाऱ्या बायका, गावोगाव पायी फिरायच्या, आणि त्यांना आधी पाणी कोण देतं यावरून कोणत्या गावात काय चालेल ते कळायचं. ना. वा. टिळकांची भजनं आज्जींना पुस्तकाशिवाय येतात, चालीही दोन-दोन. आईची वेगळी आणि चर्चची वेगळी.

मग म्हणाल्या, “माझी आज्जी दुष्काळातली पोर. साहेबांनी आणली म्हणायचे. तिला ना जन्मतारीख ना गाव. बाई, तुमच्या वह्यांत बघा ना तिचं गाव मिळतंय का.”

मी हो म्हटलं.

२७ मे, मंगळवार

यंदा पाऊस मे महिन्यातच येऊन थडकला. चर्चच्या मंगलोरी कौलांतून नेमका ट्रंकेच्या कोपऱ्यावर ठिबकला. नशीब, वह्या माझ्या घरी होत्या. आता मलमलच्या कापडात एकेक वही गुंडाळून (कापड सहाशे) जाड पुठ्ठ्याच्या खोक्यांत ठेवल्या (बावीसशे), आणि लाकडी कपाटात, जमिनीपासून हातभर वर. डांबराच्या गोळ्या काढून टाकल्या. महिन्यातून एकदा वही उघडून बघणं त्यापेक्षा बरं. प्लॅस्टिकची पिशवी नको, आत घाम धरते.

२८ जून, शनिवार

मोडी गुरुजींकडून चोपडी वाचून आली. मी ती बसस्टँडवरच उघडली आणि दोन गाड्या सोडल्या.

प्रार्थनामंदिर बांधल्याचा हिशेब आहे. आमच्याकडे लहानपणापासून एकच वाक्य ऐकलेलं : “चर्च साहेबांनी बांधलं.” चोपडीत साहेबांची रक्कम आहे, मोठी आहे. पण त्याखाली पानंच्या पानं आपली माणसं. कुणाच्या गाडीने किती खेपा दगड आणले, कुणी चुन्याच्या घाणीला बैल दिले, कुणी गूळ आणि हिरडा आणून दिला (चुन्यात घालायला). कामाचे दिवस आणि त्यापुढे पैशाऐवजी शेरांत बाजरी. तारखा पाहिल्या तेव्हा बाजरीचं कारण कळलं : १८७६ ते ७८ चा दुष्काळ. पोटाला लावायचं म्हणून भिंती उभ्या राहिल्या, की भिंती उभ्या करायच्या म्हणून पोटाला मिळालं, ते चोपडी सांगत नाही. बांधकाम संपल्याची नोंद दुष्काळ उतरल्यावरची आहे.

म्हणजे आता तीन सालं झाली. मंडळीचं एक, जमिनीचं दुसरं, इमारतीचं तिसरं. पाटीवर मधलं आहे, आणि त्या साली नेमकं काहीच सुरू झालं नव्हतं.

चोपडीच्या पहिल्या पानावर मंडळीच्या आधीच्या शिलकेचा आकडा आहे आणि ती किती वर्षांपासून साठत आली तेही लिहिलंय. त्यावरून मागे मोजत गेलं की सभासद यादीतल्या पहिल्या तारखेच्या जवळच पोचतो. हा माझा दुसरा पुरावा. मार्चमध्ये तो नव्हता.

एक गोष्ट खटकली. गडी नावाने आहेत. बायकांचा नुसता आकडा : ‘बाया ७’, ‘बाया ११’. सभासद यादीत त्या काळच्या बायका नावाने आहेत, भागू, सखू, येसू, राधा. पण त्यातल्या कोणत्या सातजणी डोक्यावर पाट्या वाहत होत्या, ते जुळवायला काही मार्ग नाही. तीन रात्री घालवल्या, सोडून दिलं.

२० जुलै, रविवार

दफनाची वही. एरवी एका पानावर वर्षभर मावतं. १९१८ च्या ऑक्टोबरला तीन पानं लागली आहेत. मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएंझाची साथ. कारणाच्या रकान्यात पहिल्या काही नोंदींत ‘ताप’, मग ‘वरीलप्रमाणे’, मग नुसती दोन टिंबं. दुसऱ्या पानाच्या मध्यावर अक्षर बदलतं. पाळकांच्या गोल अक्षराच्या जागी कुणाचं तरी शाळकरी, रेघ सोडून जाणारं अक्षर. तीन आठवड्यांनी गोल अक्षर परत येतं, जरा थरथरलेलं. म्हणजे पाळक वाचले. मला त्यांचं नाव माहीत आहे, पण ते गेल्याची नोंद आमच्या वहीत नाही, बदली होऊन गेले असावेत. तरी ते अक्षर परत दिसलं तेव्हा हुश्श झालं.

आज्जींच्या आज्जीचा शोध याच आठवड्यात लागला. १८९९-१९०० च्या दुष्काळानंतर एकाच रविवारी बाप्तिस्मा झालेल्या मुलांची रांग आहे. वय अंदाजे, आईबाप ‘ठाऊक नाही’. त्यात तिचं नाव आहे. शेवटचा रकाना ‘मूळ गाव’. रांगेतल्या इतर मुलांपुढे लिहिलेलं दिसतं. तिच्या ओळीला पानाची कड तुटलेली आहे. ‘...गाव’ एवढं राहिलंय.

तुटलेली कड ताजी आहे. जुना काप काळपट असतो, हा पांढरा. १८ जानेवारीचं ऊन.

२७ जुलै, रविवार

आज्जींना जाऊन सांगितलं. लपवायचा विचार मनात आला होता, हेही लिहिते. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “गाव तर होतं ना? नाहीतर आम्हाला वाटायचं, आभाळातून पडली.”

त्यानंतर पंचसभेचे वृत्तांत परत चाळले. त्या वर्षीच्या एका ठरावात मुलांच्या कपड्यांच्या खर्चाला मंजुरी आहे आणि ‘शेवगावकडून गाडीने आलेली सात पोरे’ असा उल्लेख. ती त्या सातांत होती की नाही, छातीठोक सांगता येत नाही. आज्जींना तसंच सांगितलं. “शेवगावकडं म्हणजे केवढा मुलूख,” म्हणाल्या, पण नातवाला कागदावर लिहून घ्यायला लावलं.

१७ ऑगस्ट, रविवार

बाप्तिस्म्याच्या जुन्या वहीत ‘पूर्वीची जात’ असा रकाना आहे. फोटो काढताना मी त्याचा फार विचार केला नव्हता. यादी संगणकावर चढवून सगळ्यांना पाठवायची असा भाच्याचा बेत होता. दोन घरांतून निरोप आला की आमचं पान दाखवू नका. एक जण रात्री घरी येऊन बसले, बराच वेळ हवापाण्याचं बोलले, मग मुद्द्यावर आले.

कारण सगळ्यांना माहीत आहे, बोलत कुणी नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार ख्रिस्ती झालेल्याला अनुसूचित जातीच्या सवलती नाहीत. धर्म बदलला तरी विहिरीवर आणि लग्नाच्या बाजारात जात सुटली नाही. सुटलं ते फक्त प्रमाणपत्र. काही घरांत शाळेच्या दाखल्यावर एक आणि चर्चच्या वहीत दुसरं आहे. त्याच भावकीतले काही १९५६ नंतर बौद्ध झाले, काही इकडेच राहिले. आडनाव एक, लग्नपत्रिका वेगळ्या. दीडशे वर्षांपूर्वीची एक ओळ आज कुणाच्या पोराच्या नोकरीवर येऊ शकते.

पंचसभेने ठरवलं, आणि या वेळी मी एका शब्दाने विरोध केला नाही : मूळ फोटो दोनच ठिकाणी कुलुपात, जातीचा रकाना यादीत घ्यायचा नाही, गेल्या शंभर वर्षांतली नोंद फक्त त्या घरच्या माणसाला दाखवायची, आणि बाहेर काहीही लिहिताना गावाचं नाव नाही. हे पहिल्याच दिवशी ठरवायला हवं होतं. तुम्ही ठरवा.

२१ सप्टेंबर, रविवार

कंटाळवाणं काम. अकराशे चाळीस फोटो, त्यातली नावं तक्त्यात भरणं. याकोब, याकोबा, याकूब हा एकच माणूस आहे की तीन? जुन्या नोंदींत आडनाव नाही, नुसतं नाव, बापाचं नाव आणि गाव. तीन पिढ्यांनंतर गावाचंच आडनाव झालेलं. मी सुरुवातीला सगळी स्पेलिंगं ‘सुधारून’ एकसारखी लिहिली, त्यामुळे दोन वेगळे दाविद एक झाले आणि एकाच्या नावावर दोन बायका आल्या. परत मूळ लिहिलंय तसंच एका रकान्यात आणि माझा अंदाज शेजारच्या रकान्यात. एकशे ऐंशी ओळी दुरुस्त केल्या.

वह्यांच्या मथळ्यांतूनच मंडळीचा प्रवास कळतो : आधी मिशनचं नाव, १९२४ नंतर संयुक्त मंडळीचं, आणि २९ नोव्हेंबर १९७० ला नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाल्यावर सीएनआय. शिक्का बदलला, छापील अर्ज बदलले, अर्पणाच्या पिशवीवरचं भरतकाम तेच राहिलं.

१२ ऑक्टोबर, रविवार

परत पंचसभा. या वेळी बोलण्याआधी तीन फोटो मोठे छापून नेले : यादीचं पान, पावती, चोपडीचं शेवटचं पान. मार्चमध्ये चिडलेल्या वडिलांनी चष्मा लावून चोपडीतली नावं वाचली (शेजारी देवनागरीत लिहून घेतली होती). पाचव्या ओळीवर थांबले. त्यांच्या पणजोबांच्या गाडीच्या चौदा खेपा.

मग पाटीबद्दल काही वाद झाला नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

सण झाला. भोपळा सातशेला गेला. स्मरणिका छापून आली नाही; मी अजून तिसऱ्या प्रकरणात आहे.

खर्च : स्टँड ९००, दिवे १,४००, काच ३५०, डिस्क ४,८००, मलमल ६००, खोकी २,२००, मोडी वाचन ४,६००, माइक १००, नगरच्या अकरा खेपा १,९८०. एकूण १६,९३० रुपये. वेळ : तीन महिन्यांचे दहा झाले. वर्गणीच्या पाचशे पावत्यांतल्या दोनशे साठ अजून कपाटात आहेत, त्यांच्या पाठीवर मी टिपणं काढते.

राहिलेलं काम : लॅमिनेट केलेली दोन पानं कुणा जाणकाराकडून सोडवता येतात का ते पाहणं, संगमरवरी पाटीवरचं नाव, ‘...गाव’.

पेंटरला बोलावलं होतं. तो अक्षरावर पैसे घेतो. तिन्ही सालं आणि त्यांचा खुलासा म्हणजे पाटी दीडपट मोठी होते. खजिनदारकाका म्हणाले, एकच साल लिहा, पण कोणतं ते बाईंना विचारा. मी म्हटलं, यादीतलं पहिलं. पेंटरने खडूने आखून घेतलं आणि विचारलं, “‘स्थापना’ लिहू की ‘बांधकाम’?”

“मंडळी,” मी म्हटलं. “पुढे साल.”

“नुसतं मंडळी? मग अक्षरांचे पैसे कमी होतील,” म्हणाला. काका खूश.